पावसाची वही



मृग लागला की गावात एकच बोलणे सुरू होते. पारावर तेच, पिठाच्या गिरणीवर तेच, एस.टी.च्या थांब्यावरही तेच. पाऊस कधी येणार? ओल किती गेली? पेरावे की थांबावे? आपल्या बीड जिल्ह्यात पावसाचे बोलणे हे रिकामे बोलणे नव्हे. त्यावर वर्षाची भाकर ठरते. देणेकऱ्याला काय तोंड दाखवायचे ते ठरते. दिवाळीनंतर पोर शाळेत बसणार की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार, हेही पुष्कळ घरांत पावसावरच ठरते.

आता हाच पाऊस मुलगा शाळेत कसा शिकतो ते पाहा. भूगोलाच्या तासाला तो मोसमी वाऱ्यांचा धडा पाठ करतो. गणिताच्या तासाला बेरजा करतो, पण त्या आंब्यांच्या आणि पेरूंच्या. विज्ञानाच्या तासाला पाण्याची वाफ शिकतो. भाषेच्या तासाला पावसावर निबंध लिहितो. म्हणजे एकच पाऊस चार पुस्तकांत चार तुकडे होऊन पडलेला असतो. मुलगा घरी येतो, आभाळाकडे बघतो, पण ते चार तुकडे जोडायचे कसे हे त्याला कोणी सांगत नाही.

ते जोडायला फार काही लागत नाही. एक वही लागते, एक बाटली लागते आणि घरातले एक मोठे माणूस लागते. ते मोठे माणूस म्हणजे तुम्ही.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आम्ही आत्ता कुठं अक्षरं लावायला शिकलो. आम्ही पोरांना काय शिकवणार?”

अहो, असे म्हणू नका. वारा फिरला की पाऊस कोणीकडून येईल हे तुम्हाला कळते. जमीन मूठभर उचलून ओल किती हे तुम्ही सांगता. मुलाला लिहिता येते, पण हे कळत नाही. तुम्हाला हे कळते, आणि आता थोडे लिहितावाचताही येते. दोघांनी मिळून एक वही केली तर दोघेही शहाणे होतील.

ही रीत काही नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली होती. हाताने करायचे काम, आजूबाजूचा निसर्ग आणि गावचे जीवन यांतूनच मुलाला सगळे विषय शिकवावेत, असा विचार तिथून देशभर गेला. त्याला ‘नई तालीम’ म्हणतात. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच गुरांच्या मागे कुरणात गेली. तिला ‘कुरणशाळा’ म्हणत. कुरणात शाळा भरू शकते, तर आपल्या अंगणात का भरू नये?

बाटली कशी करावी? (हस्तकला)

पाणी मोजण्याचे हे साधन मुलाकडूनच करून घ्या. दोन लिटरची स्वच्छ, पारदर्शक बाटली घ्या. तिच्या बाजू सरळ असाव्यात. जिथे ती गळ्याकडे निमुळती होऊ लागते, तिथे कापा. कापलेला गळ्याचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बाटलीत बसवा. त्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही.

बाटलीचा तळ सहसा खालीवर असतो. म्हणून तळाशी लहान खडे टाका. खडे पूर्ण बुडतील आणि बाटलीचा सरळ भाग सुरू होईल इतके पाणी ओता. त्या पाण्याच्या रेघेवर खूण करा. ती खूण म्हणजे शून्य. शून्यापासून वर मोजपट्टी चिकटवा. तिच्यावरचा लहानात लहान भाग म्हणजे एक मिलीमीटर. झाले पर्जन्यमापक!

ते कुठे ठेवाल? झाडाखाली नको, वळचणीला नको. मोकळ्या जागी चार विटांच्या मध्ये ठेवा, म्हणजे वाऱ्याने पडणार नाही. शेरडाकरडांचे तोंड लागू देऊ नका.

रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी पाहावे. आपले सरकारी हवामान खातेही पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. हे खाते १८७५ साली सुरू झाले. त्याची मुख्य कचेरी काही काळ सिमल्याला होती, ती १९२८ साली पुण्याला आली. पुढे १९४४ साली ती दिल्लीला गेली. पण पुण्याच्या शिवाजीनगरातील त्या इमारतीला लोक ‘सिमला ऑफिस’च म्हणत राहिले.

पाणी मोजले की जास्तीचे ओतून द्या आणि पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. पाऊस नसेल त्या दिवशीही वहीत शून्य लिहा. शून्य लिहायचा कंटाळा करू नये. कोरडे दिवस किती गेले ते त्या शून्यांवरूनच कळते.

वहीत काय लिहावे? (भाषा)

वहीच्या पानावर सहा रकाने आखा. तारीख, नक्षत्र, आभाळ, वारा, पाऊस आणि विशेष. उदाहरणादाखल एक ओळ अशी होईल: “१४ जून. मृग. आभाळ भरून. वारा पश्चिमेचा. पाऊस १२ मि.मी. ओढ्याला गढूळ पाणी आले.”

सहाव्या रकान्यात मुलगा काय लिहितो ते महत्त्वाचे. “पाऊस पडला” एवढेच त्याला लिहू देऊ नका. त्याला विचारा, कसा पडला? आपल्या भाषेत पावसाला किती शब्द आहेत! भुरभुर, रिमझिम, सर, झड, मुसळधार. उन्हाळ्यात गडगडून येतो तो वळीव. मधे थांबतो ती उघडीप. फार दिवस थांबतो ती ओढ. वेळेशिवाय येतो तो अवकाळी. हे शब्द आजीला ठाऊक आहेत. पण मुलांच्या तोंडून ते जाऊ लागले आहेत. रोज एक शब्द वहीत गेला तर भाषा टिकेल, आणि निबंध पाठ करायची गरज पडणार नाही.

शब्द नेमका वापरणे हेही भाषेचेच शिक्षण आहे. जोराचा पाऊस झाला की आपण लगेच “ढगफुटी झाली” म्हणतो. हवामान खात्याच्या हिशोबाने एका तासात १०० मिलीमीटर किंवा जास्त पाऊस लहानशा भागात झाला तरच ती ढगफुटी. दिवसभरात २.५ मिलीमीटर पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’. आणि २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर गेला तर सरकारी कामकाजात त्याला ‘अतिवृष्टी’ म्हणतात. पिकाच्या नुकसानीची मदत ठरवताना हा आकडा पाहतात. आपली बाटली हा काही सरकारी पुरावा नव्हे. मंडळातल्या सरकारी पर्जन्यमापकाचाच आकडा तिथे धरतात. पण आपल्या वहीत आकडा असेल, तर तलाठ्याशी किंवा ग्रामसभेत बोलताना “लई पाऊस झाला साहेब” एवढ्यावर थांबावे लागत नाही. तारीख सांगता येते, मिलीमीटर सांगता येतो. अशा बोलण्याला वजन येते.

पाण्याचा हिशोब (गणित)

आता गणिताकडे वळू. एक गोष्ट लक्षात ठेवा. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते.

समजा, तुमच्या घरावरचे पत्रे पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहेत. पाच चोक वीस. म्हणजे जागा झाली वीस चौरस मीटर. दहा मिलीमीटर पाऊस पडला तर पत्र्यावर किती पाणी पडले? वीस गुणिले दहा, म्हणजे दोनशे लिटर. वीस लिटरचे दहा डबे! दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणणाऱ्या बाईला हे गणित चटकन कळेल. पन्हाळीला नळी लावून ते पाणी टाकीत घेतले तर तिचे किती हेलपाटे वाचतील, हाही हिशोब मुलाला करायला सांगा.

एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. त्यावर २५ मिलीमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? चार हजार गुणिले पंचवीस, म्हणजे एक लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दहा टँकर! देवाने दहा टँकर आपल्या एका एकरात ओतले, आणि बांध फुटका असल्याने ते ओढ्याला गेले, तर दोष कोणाचा?

आता सर्वांत कामाचे गणित. कोरडवाहू शेतीत ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस झाल्यावर आणि ओल नीट खोल गेल्यावरच पेरावे, असे शेतीखात्याची माणसे दरवर्षी सांगतात. पण पहिल्या सरीला माणसाला धीर धरवत नाही. पावशा पक्षी ओरडू लागतो. “पेरते व्हा, पेरते व्हा,” असे तो सांगतो, असे आपण मानतो. शेजाऱ्याने तिफण जुंपली की आपल्यालाही घरात बसवत नाही. मग पाऊस ओढ देतो. कोंब वाळतात. दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याचे पैसे पुन्हा, खताचे पैसे पुन्हा, आणि कर्जही पुन्हा.

समजा, मुलाच्या वहीत आठवड्याचे आकडे असे आहेत: १२, ०, ७, ०, ३१, ४, ०. बेरीज झाली ५४. पंचाहत्तरातून चोपन्न गेले, राहिले एकवीस. मुलगा म्हणेल, “बाबा, अजून एकवीस मिलीमीटर पाहिजे. थांबू या.” चौथीतल्या पोराची ही वजाबाकी आहे. पण तिच्यात बियाण्याची पिशवी वाचते. पुढे ओल पाहायचे काम तुमच्या मुठीचे. बाटली आणि मूठ, दोन्हींनी होकार दिला की मग पेरा.

पाऊस आपल्याकडे कमी का? (भूगोल)

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्यात साधारण सहाशे ते सातशे. असे का बरे?

मुलाला अंगणात मातीचा एक लांब ढिगारा करायला सांगा. तो सह्याद्री. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र. पावसाळ्यात वारे समुद्रावरून पाण्याची वाफ घेऊन येतात. सह्याद्री आडवा येतो. वारे वर चढतात. उंचावर थंडी असते, म्हणून वाफेचे पाणी होते आणि कोकणात, घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो. डोंगर उतरून वारे आपल्याकडे येतात तेव्हा त्यांची झोळी बरीचशी रिकामी झालेली असते. डोंगराच्या अशा आडोशाच्या मुलुखाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. आपण त्या छायेत आहोत. झाडाची सावली सुखाची, पण ही सावली कोरडी.

आपल्याला पूर्वेकडूनही पाऊस मिळतो. बंगालच्या उपसागरात वादळी पट्टा तयार झाला की त्याचे ढग इकडवर येतात. म्हणून आष्टी-पाटोद्यापेक्षा अंबाजोगाई-परळीकडे साधारणपणे जास्त पाऊस पडतो.

पडलेले पाणी कुठे जाते, तेही मातीत रेघा ओढून दाखवा. बिंदुसरा सिंदफणेला मिळते. सिंदफणा गोदावरीला, म्हणजे आपल्या गंगेला मिळते. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि फार लांबचा फेरा घेऊन शेवटी तीही गोदावरीलाच मिळते. तिच्यावर केज तालुक्यात धनेगावला धरण आहे. त्या धरणाचे पाणी लातूर शहर पिते. २०१६ साली ते धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या डोंगरावर पाऊस पडला नाही तर शेजारच्या जिल्ह्यातले शहर तहानते. नकाशावरच्या निळ्या रेघेचा अर्थ मुलाला असा समजावून द्यावा.

वीज किती लांब आहे? (विज्ञान)

विज्ञान स्वयंपाकघरातच सुरू होते. भाताच्या झाकणीला आतून थेंब लागतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो. आईने मुलाला एवढेच विचारावे, “बाळ, हे पाणी कुठून आले?” वाफ थंड झाली की पाणी होते. झाकणीवर होते तेच आभाळात होते. ढग कसा बनतो हे त्याला कळले.

पण विज्ञानाचा एक धडा असा आहे की तो आला नाही तर जीव जातो. तो विजेचा. वळवाच्या वेळी आणि परतीच्या पावसात आपल्या मराठवाड्यात रानात काम करणारी माणसे, गुराखी पोरे आणि बैल विजेने दगावतात. दरसाल अशा बातम्या येतात.

वीज चमकते आणि गडगडाट होतो, ते दोन्ही एकाच वेळी. उजेड क्षणात पोहोचतो. आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून चमक दिसताच सावकाश एक, दोन, तीन असे मोजा. गडगडाट ऐकू आला की थांबा. आकड्याला तीनने भागा. नऊ झाले असतील तर वीज तीन किलोमीटरवर आहे. तीस होण्याच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग “एवढी ओळ खुरपून होऊ द्या” असे म्हणू नका. तडक पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

घर जवळ नसेल तर? एकट्या झाडाखाली उभे राहू नका. विहिरीत, तळ्यात उतरू नका. कोयता, फावडे, लोखंडी वस्तू बाजूला टाका. सगळ्यांनी एका जागी घोळका करू नये. दोन्ही पाय जुळवून, डोके खाली घालून, उकिडवे बसावे. आडवे झोपू नये. हा धडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलांना तो खेळाच्या तासाला करून दाखवायला लावा, म्हणजे वेळ आली तर अंग आपोआप तसे बसेल.

रंगांचा अर्थही मुलांना सांगावा. हवामान खाते चार रंगांत इशारा देते. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. चित्रकलेच्या वहीत हे चार चौकोन मुलाने रंगवावेत आणि भिंतीला लावावेत. मोबाईलवर आलेला इशारा मग घरातल्या न शिकलेल्या आजीलाही कळेल.

आजीला विचारा (इतिहास)

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया एवढेच नाही. पावसाचाही इतिहास असतो. आपल्या दख्खनात १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. १८७६ सालीही पडला. ते आता पुस्तकातच वाचायचे. पण १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत.

मुलाने वही घेऊन आजीजवळ बसावे. विचारावे, “आजे, बहात्तरला तू काय खाल्लंस?” ती सांगेल. मिलोची भाकर सांगेल. सुकडी सांगेल. खडी फोडायला कुठे गेले होते, कोणता पाझर तलाव कोणाच्या हातांनी झाला, ते सांगेल. त्या दुष्काळात हाताला काम मिळावे म्हणून रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ साली देशभरासाठी तसा कायदा झाला. म्हणजे आपल्या आजीने फोडलेल्या खडीतून देशाचा कायदा निघाला. हे मुलाला कळले तर इतिहास त्याला परका वाटणार नाही.

आणि फक्त दुष्काळच लिहू नका. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेचा पूर बीड शहरात शिरला होता. २०१४ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टी होऊन नद्या पात्राबाहेर आल्या, उभी पिके आणि मातीसुद्धा वाहून गेली. आपला जिल्हा दुष्काळी आहे हे खरे. पण पुरापासून तो सुटलेला नाही. पाणी कुठवर चढले होते ती खूण मुलाला दाखवून ठेवा. पुढच्या वेळी घर कुठे बांधावे, जनावर कुठे बांधावे हे त्या खुणेवरून कळेल.

नक्षत्रांचे काय?

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आमचे वाडवडील नक्षत्रांवर शेती करत आले. ते काय सोडून द्यायचे?”

मुळीच नाही. नक्षत्र हे आपले पावसाळी कॅलेंडरच आहे. वर्षाचे दिवस ३६५, नक्षत्रे २७. भागाकार केला तर एका नक्षत्राला साडेतेरा दिवस येतात. म्हणून मृग ७-८ जूनला लागतो आणि आर्द्रा २१-२२ जूनला. “न पडतील मघा, तर वरतीच बघा” किंवा “पडतील स्वाती, तर पिकतील मोती” या म्हणींत पिढ्यांचा अनुभव आहे. ऑगस्टच्या मध्याला मघा लागतात, तेव्हा पिकाला पाण्याची गरज असते. ऑक्टोबरच्या अखेरीला स्वाती लागते, तेव्हा रब्बीला ओल लागते. म्हण कोणत्या पिकाची आणि कोणत्या वेळेची, ते मुलाला फोड करून सांगा.

पण नक्षत्राचे वाहन बेडूक असेल तर पाऊस भरपूर, गाढव असेल तर कमी, असेही आपण ऐकतो. ते खरे की खोटे? भांडू नका. वहीत एका बाजूला वाहन लिहा, दुसऱ्या बाजूला बाटलीचा आकडा लिहा. चार-पाच वर्षे लिहा. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, कावळ्याने घरटे उंच बांधले, हेही लिहा. मग मुलगाच सांगेल की कोणती खूण खरी ठरली. गुरुजी सांगतात म्हणून मानायचे नाही आणि आजोबा सांगतात म्हणून टाकायचे नाही. मोजायचे, लिहायचे, ताडून पाहायचे. विज्ञान यालाच म्हणतात.

फडावर जाणाऱ्या मुलाची वही

आता जी गोष्ट मनाला लागते ती सांगतो. आपल्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. जाणे टळत नाही. ज्या गावात हंगामी वसतिगृहाची सोय आहे किंवा आजी-आजोबा सांभाळायला आहेत, तिथे मूल मागेच ठेवावे, शाळा बुडवू नये. हे पहिले सांगणे.

पण ज्यांना इलाजच नाही, त्यांनी पोराच्या पिशवीत ही वही टाकावी. कोपीवरही आभाळ आहेच. तिथे मुलाने सकाळी लिहावे: आज धुके, उसाच्या पाल्यावर दहिवर, वारा उत्तरेचा, थंडी फार. तुम्ही पहाटे फडात जाता, तेव्हा ते दोन ओळी लिहू शकते. साखर कारखान्याच्या गावाचे नाव लिहावे, नदीचे नाव लिहावे. तिकडे पाऊस किती पडतो, तिकडे ऊस का होतो, आपल्याकडे बाजरी का होते, हे विचारावे. वाड्यांच्या मोळ्यांची बेरीजही करावी. उन्हाळ्यात गावी आल्यावर मास्तरांना ती वही दाखवावी. मूल शाळेत नव्हते, पण त्याचे शिकणे थांबले नाही, हे त्या वहीवरून दिसेल. अक्षर मोडणार नाही. आणि “आपण मागे पडलो, आता शाळेत कशाला जायचे,” असे म्हणून घरी बसायची पाळी येणार नाही. पुष्कळ मुले अभ्यास जड गेला म्हणून शाळा सोडत नाहीत, मधला धागा तुटला म्हणून सोडतात.

एका वहीवरून गावाच्या वहीकडे

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तेही आपल्यासारखेच पर्जन्यछायेतले. १९९० च्या आधी तिथलीही माणसे पोट भरायला बाहेर जात. मग गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, पाणी अडवले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी पाऊस मोजला. किती पडला, किती मुरला, पिण्याला किती लागेल, गुरांना किती लागेल, याचा हिशोब ग्रामसभेत मांडला. राहील त्या पाण्यात बसेल तेच पीक घ्यायचे, असे ठरवले. पैशाचा जमाखर्च असतो तसा हा पाण्याचा जमाखर्च. श्री. पवार यांना पुढे ‘पद्मश्री’ मिळाली. पण त्या कामाच्या मुळाशी काय आहे? मिलीमीटर मोजणे आणि बेरीज-वजाबाकी करणे!

आपल्या गावात दहा घरी अशा दहा वह्या झाल्या, तर शाळेचे गुरुजी त्या एकत्र वाचतील. वरच्या आळीला पाऊस किती आणि खालच्या शिवाराला किती, ते कळेल. पुढे ग्रामसभेत कोणी आकडा विचारला तर एखादी पाचवीतली मुलगी उठून वाचेल. सगळे गाव ऐकेल.

लक्षात ठेवा

रोज सकाळी साडेआठला मोजा. शून्यसुद्धा लिहा.
७५ ते १०० मिलीमीटर आणि खोल ओल असल्याशिवाय पेरू नका.
चमक आणि गडगडाट यांत तीसपेक्षा कमी आकडे झाले तर पक्क्या घरात जा.
ऐकलेली खूण वहीशी ताडून पाहा.

कठीण शब्द

पर्जन्यमापक = पाऊस मोजण्याचे साधन.
पर्जन्यछाया = डोंगराच्या आडोशाचा, कमी पावसाचा मुलूख.
दुबार = दुसऱ्यांदा.
दहिवर = दव.

सांगा आणि लिहा

१. आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरपेक्षा पाऊस कमी का पडतो?
२. घराचे पत्रे सहा मीटर लांब व चार मीटर रुंद आहेत. १५ मिलीमीटर पाऊस पडला. पत्र्यावर किती लिटर पाणी पडले?
३. चमक दिसल्यावर तुम्ही बारापर्यंत मोजले आणि गडगडाट झाला. वीज किती लांब आहे? तुम्ही काय कराल?
४. तुमच्या घरातल्या सर्वांत वडील माणसाला १९७२ सालाविषयी विचारा. ते सांगतील त्यातल्या पाच ओळी लिहा.
५. आजची तारीख, आभाळ, वारा आणि पाऊस तुमच्या वहीत लिहा. उद्याची ओळ मुलाला लिहायला सांगा.